आमच्या गाठोड्यातले वेश

मी बेळगावच्या वडगावात घरीच ब्लाऊज शिवते. जुलै संपत आला की माझ्याकडे मापं द्यायला येणाऱ्या बायांपेक्षा पोरांच्या आयाच जास्त येतात. पोरांच्या शाळेच्या डायरीत कन्नडमध्ये ‘छद्मवेष’, म्हणजे फॅन्सी ड्रेसची स्पर्धा, असं लिहून आलेलं असतं. ते कुणाकडून तरी वाचून घेण्यात दोन दिवस जातात, आणि मग रात्री साडेआठला दारात उभ्या, “अक्का, उद्याच हाय की वो!” भाड्याचा ड्रेस म्हटला तर एका सकाळीचे दोनशे-अडीचशे, वर अनामत, आणि पोर दिवसभर मान खाजवत बसतं ते वेगळंच.

मी वेश करताना दोनच गोष्टी बघते. शेवटच्या रांगेतल्या आजीला चष्मा न लावता कळलं पाहिजे की हा कोण आहे. आणि पोराला एकट्याला लघवीला जाता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट मी चुकून शिकले. पुतण्याला मावळा केला होता. हौसेनं अंगरख्याला चौदा हुक लावले, आतून धोतर कमरेला पक्कं शिवून टाकलं. स्टेजवर उभा राहिला छान. उतरल्यावर बाथरूमच्या दारातून हाक आली, “काकू, सुटंना!” मी पळत जाईपर्यंत व्हायचं ते झालं होतं. तेव्हापासून माझ्या हातचा कुठलाही वेश चड्डीसारखा खाली ओढता येतो.

त्यासाठी घरात एक गाठोडं ठेवा. एक जुनं धोतर किंवा धुऊन मऊ झालेली सुती साडी, कॉलर फाटलेला झब्बा, भगवी ओढणी, असली तर घोंगडी, एक गडद रंगाचा परकर, लेसचे तुकडे आणि वाढदिवसाच्या केकखाली येतो तो गोल सोनेरी पुठ्ठा. हा पुठ्ठा अजिबात टाकू नका, ती आयती ढाल आहे. मागे इलास्टिकच्या दोन पट्ट्या टाका, एकीत कोपर, एकीत मूठ.

एका धोतरात चार वेश निघतात. हातात टाळ आणि कपाळाला बुक्का म्हणजे आषाढीचा वारकरी. टोपलीत भाजी आणि डोक्याला मुंडासं म्हणजे शेतकरी. ढाल दिली की मावळा. मिशी, पगडी, तलवार आली की कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेला संगोळ्ळी रायण्णा. रायण्णाला १८३१ साली फाशी दिली ते नंदगड आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे. एखाद्या रविवारी समाधी दाखवून आणा. तिथून आलेलं पोर स्टेजवर न सांगता ताठ उभं राहतं, हे मी बघितलेलं आहे.

आता धोतर कसं करायचं ते सांगते. पाच-सहा वर्षांच्या पोराला अडीच मीटर कापड पुरतं, रुंदी कमरेपासून घोट्यापर्यंत. साडीची रुंदी जास्त होते, म्हणून काठ राखून उभी कापा. पोराला जुनी ट्रॅक पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून घालायला लावा. कापडाचा मध्य पाठीमागे धरा, दोन्ही टोकं पुढे आणून बेंबीखाली एक साधी गाठ. डाव्या टोकाच्या निऱ्या करून दोन पायांमधून मागे न्या, उजव्या टोकाच्या निऱ्या पुढे ठेवा. आता कुठेच काही खोचायचं नाही. सगळ्या निऱ्या पॅन्टच्या इलास्टिकला पिनांनी अडकवा, पॅन्ट अलगद उतरवून घ्या, आणि इलास्टिक ताणून धरत हातानं मोठे टाके घाला. न ताणता शिवलंत तर उद्या सकाळी पॅन्ट ढुंगणावरून वर चढणार नाही. मशीन नको, हातटाका दोन मिनिटांत उसवतो आणि धोतर परत गाठोड्यात.

मुलींसाठी हाच काचा काठाच्या साडीचा केला की कित्तूरची राणी चन्नम्मा. पदर मात्र वेगळा ठेवा, एक ओढणी कमरेपासून डाव्या खांद्यावर आणून दोन ठिकाणी टाचा. आईची अख्खी पैठणी पोरीला गुंडाळू नका, ती पहिल्या पायरीलाच पडते. आणि दरवर्षी दोन-तीन चन्नम्मांच्या हातात तिरंगा असतो, तो तेवढा काढा. राणी लढली १८२४ साली, तिरंगा राष्ट्रध्वज झाला १९४७ साली. परीक्षक बाई हमखास प्रश्न विचारतात, म्हणून एवढं पाठ करून घ्या: दत्तक वारस ईस्ट इंडिया कंपनीनं मानला नाही म्हणून लढाई झाली, त्यात कलेक्टर थॅकरे मारला गेला (आडनाव ऐकून आमची पोरं हसतात, हसू द्या), आणि राणी १८२९ साली बैलहोंगलला कैदेत वारली. सुरुवात कन्नडमधून, “नानु कित्तूर राणी चेन्नम्मा.” पुढचं विसरली तरी एवढ्यावर टाळी पडते.

तलवारीला खोक्याचा पुठ्ठा घ्या. पुठ्ठ्याच्या आत नाळ्या असतात, त्या तलवारीच्या लांबीला धरूनच कापा. आडव्या कापल्यात की तलवार स्टेजवर मान टाकते. दोन थर खळीनं चिकटवा: दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. वरून पोळ्यांचा चंदेरी कागद. टोक गोल करा, मागच्या वेशाचा डोळा तुमच्याच पोराच्या उंचीवर असतो.

पगडीसाठी पोराच्या डोक्याच्या मापाचं पातेलं पालथं घाला, त्यावर जुनी टोपी, टोपीवर ओढणीचे पीळ, आणि टोपीलाच टाके. ऐनवेळी डोक्यावर बांधत बसलात तर रडारड ठरलेली.

आमच्याकडे ही सगळी धांदल पावसात चालते, ते विसरू नका. ऑगस्टात खळ लावलेला पुठ्ठा एका रात्रीत वाळत नाही, पंख्याखाली दोन दिवस धरा. क्रेप कागद तर आणूच नका. भाचीला मी झाड केलं होतं, अंगभर हिरवी पानं. शाळेच्या फाटकापासून हॉलपर्यंत जेमतेम वीस पावलं, पण सर आली, आणि झाडाचा सगळा हिरवा रंग तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर उतरला. तो शर्ट अजून फरशी पुसायला आहे. पानं करायचीच तर ब्लाऊजच्या अस्तराच्या चिंध्यांची करा. कुठल्याही टेलरबाईकडे फुकट मिळतात, माझ्याकडे तर पोतंभर आहेत.

आणि अगदीच रात्री नऊला कुणी आलं, तर मी रताळं करते. बेळगावच्या पोरानं गुलाब आणि परी कशाला व्हायचं? मरून रंगाचा परकर गळ्याशी आणून नाडी सैल बांधा, दोन बोटं आत जातील इतकी, वर निरगाठ नाही, फुलगाठ. दोन बाजूंच्या कळ्यांच्या शिवणी वरून वीतभर सोडून खाली हाताच्या मापानं उसवा, हात बाहेर. खालच्या घेरात इलास्टिक ओवून गुडघ्याशी गोळा करा. आत वर्तमानपत्राचे सैल बोळे पोटाला जास्त, पाठीला कमी, नाहीतर बसता येत नाही. बाहेरून सुतळीचे पाच-सहा धागे मुळांसारखे शिवा आणि पायांना थोडी लाल माती. “नानु गेणसु (मी रताळं). एकादशीला माझ्याशिवाय तुमचं भागत नाही.” झालं. खर्च सुतळीचा.

मिशी काजळाची काढा, स्केचपेनची नको. ती दोन दिवस जात नाही आणि पोर तसंच वर्गात बसतं. पुसताना आधी खोबरेल, मग साबण.

गेल्या साली रताळं केलेला शेजारचा पोरगा स्टेजवर एक शब्द बोलला नाही. मधोमध मांडी घालून बसला आणि बोळे काढून पुढच्या रांगेवर फेकायला लागला. बक्षीस मिळालं नाही. परकर मी धुऊन, शिवणी घालून परत नेसतेय, आणि यंदासाठी त्याच्या आईनं आत्ताच सांगून ठेवलंय.