फायबरग्लासचा मडगार्ड घरी घडवताना

समुद्राकाठच्या गावांत गाडीचा पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो, पण मडगार्डच्या खालच्या कडेला, जिथे चाकाने उडवलेला चिखल आणि खारी दमट हवा वर्षानुवर्षे मुक्काम करून असतात, तिथे बोट दाबले की गंजाचा पापुद्रा हातात येतो. अशा वेळी पत्र्याचा नवा भाग बाजारात मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण एकाच मडगार्डसाठी साचा करणे खिशाला आणि वेळेला परवडत नाही. भाग मिळेनासा झाला असेल, किंवा एकाच साच्यातून दोन-चार नग काढायचे असतील, तर मात्र फायबरग्लासचा विचार जरूर करावा. या लेखात मारुती 800 चा, म्हणजे 2014 मध्ये उत्पादन थांबलेल्या गाडीचा, बोल्टने बसणारा पुढचा मडगार्ड नमुन्यादाखल घेतला आहे.

मोटारीला या पदार्थाचे वावडे नाही. अमेरिकेत 1953 पासून कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची बॉडी फायबरग्लासची आहे. गोव्यात तर हे कसब होड्यांमुळे घरचेच झाले आहे. 2009 मध्ये नौदलात दाखल झालेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका दिवाडी बेटावर लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास चढवूनच बांधली गेली. जवळपास होड्यांचे काम चालत असेल तर साहित्य विकत घेण्यापूर्वी एक दिवस तिथे उभे राहून मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, रेझिनमध्ये, म्हणजे आळून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, कशी भिजवतात ते पाहावे. तेवढ्याने निम्मे शिक्षण होते.

मर्यादा आधीच सांगितलेली बरी. मडगार्ड, बंपरचे बाहेरचे आवरण, डिकीचे झाकण असे बोल्टने बसणारे भागच घरी करावेत. गाडीच्या सांगाड्यातल्या ज्या पत्र्यावर सस्पेन्शन, बिजागरे किंवा सीटबेल्ट यांचा भार येतो, त्याला हात लावू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, म्हणून आकार मूळचाच ठेवावा.

कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात मॅट हवेतली ओल शोषते, रेझिन नीट मुरत नाही आणि थर पांढुरका राहतो.

सर्वांत जास्त वेळ मूळ नमुन्यावर घालवावा. जुना मडगार्ड उतरवून त्याचा गंज काढावा, भोके पाठीमागून बुजवावीत, पुट्टी भरून आकार पूर्ववत करावा, प्रायमर मारावा आणि 220 पासून 1200 पर्यंतच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासावे. नमुन्यावर राहिलेला ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून प्रत्येक नगात उतरतो, त्यामुळे इथे वाचवलेला एक तास पुढे प्रत्येक नगामागे भरावा लागतो. नंतर रिलीज वॅक्सचे, म्हणजे साचा नमुन्याला चिकटू न देणाऱ्या मेणाचे, पाच-सहा हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर चमकवावा, आणि शेवटी त्याच कामाच्या पीव्हीए या द्रवाचा पातळ थर स्पंजने लावून सुकू द्यावा.

मडगार्डची कड आत वळलेली असल्याने एकसंध साचा निघणार नाही, तो दोन भागांत करावा लागतो. जिथे भाग वेगळे व्हायचे, तिथे मातीची किंवा ॲक्रिलिक पट्टीची तात्पुरती भिंत उभारून तिच्यावर सुमारे 50 मिलिमीटर रुंदीची ओठासारखी कड घडवतात; पुढे याच कडांमधून बोल्ट घालून साचा जोडला जातो. पहिल्या वेळी मी या भिंतीसाठी चवथीच्या मूर्तीतून उरलेली चिकणमाती वापरली होती. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मातीला लागून बोटभर रुंदीचा जेलकोट, म्हणजे सर्वांत बाहेरचा दाट रेझिनचा थर, तसाच चिकट. ओल्या मातीतल्या पाण्याने त्याला आळूच दिले नव्हते. तेव्हापासून मी तेलात मळलेली मातीच वापरतो.

साच्यासाठी आधी जेलकोट, तो आळल्यावर 300 ग्रॅमची (दर चौरस मीटरला) एक मॅट लावून रात्रभर थांबावे, आणि मग 450 ग्रॅमच्या मॅटचे दिवसाला दोनच थर देत जाडी 6 मिलिमीटरपर्यंत न्यावी. पॉलिएस्टर रेझिन आळताना आकसते आणि तापते. सगळे थर एका दमात चढवले तर साचा वाकतो. पाठीवर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा बसवावा, तोही साचा पूर्ण कडक झाल्यावरच. आठवडाभराने प्लास्टिकच्या पाचरी हळूहळू ठोकत आणि फटीत पाणी ओतत साचा सोडवावा. पीव्हीए पाण्यात विरघळतो, त्यामुळे जोर कमी लागतो.

आता साच्यातून काढायचा खरा मडगार्ड. अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग धरला तर सुमारे 300 ग्रॅम जेलकोट, 450 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर आणि मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट, म्हणजे एक किलोच्या आसपास रेझिन लागते. तयार जाडी दोन-अडीच मिलिमीटर येते. चिरलेल्या काचतंतूंची ही मॅट पॉलिएस्टर रेझिनसाठीच असते. तिचे तंतू धरून ठेवणारा चिकटा रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो आणि मॅट वळणावर बसते. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये स्टायरीन नसल्याने बऱ्याच मॅट तिथे ताठच राहतात.

आपल्याकडे रेझिन, आळण्याचा वेग वाढवणारे कोबाल्ट आणि आळणे सुरू करणारे हार्डनर अनेकदा तीन वेगळ्या बाटल्यांत मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावे आणि मगच हार्डनर घालावे. ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट मिसळली तर भडका किंवा स्फोट होऊ शकतो, म्हणून त्यांच्या बाटल्याही एका फळीवर ठेवू नयेत. हार्डनर वजनाच्या एक ते दोन टक्के लागते. आपल्या हवेत एक टक्क्यापासून सुरुवात करावी, म्हणजे 250 ग्रॅम रेझिनला बिनसुईच्या सिरिंजने सुमारे अडीच मिलिलिटर. एका वेळी याहून जास्त कालवू नये. उरलेले रेझिन भांड्यात खोल साचू दिले तर ते तापून धुमसते. असे भांडे कचऱ्यात न टाकता उघड्यावर गार होऊ द्यावे.

डोळ्यांवर गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे आणि तोंडावर रासायनिक वाफा अडवणारा, काडतूस बसवलेला मास्क हवा; कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

साच्याला पुन्हा वॅक्स आणि पीव्हीए लावून जेलकोट अर्ध्या मिलिमीटरच्या एकसारख्या थराने द्यावा. बोट लावल्यावर चिकटपणा जाणवतो पण रंग बोटाला लागत नाही, ही पुढच्या थराची वेळ. त्याआधी घाई केली किंवा थर फार पातळ राहिला, तर वरच्या रेझिनमधले स्टायरीन जेलकोट फुगवते आणि मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. मॅट टोकदार कोपऱ्यात बसत नाही, म्हणून तिथे आधी रेझिन आणि बारीक तंतूंची लगदी भरून गोलाई द्यावी. मॅट कात्रीने न कापता हाताने फाडावी, कारण विरळ कडा एकमेकींत मिसळून जातात. आधी साच्याला रेझिन, मग मॅट, मग वरून ब्रशने फासण्याऐवजी टोचत टोचत रेझिन. पांढरेपणा जाऊन मॅट पारदर्शक झाली की खाचांच्या ॲल्युमिनियम रोलरने मधून कडेकडे हवा ढकलावी. हे काम शांतपणे करावे. राहिलेला बुडबुडा पुढे उन्हात फुगून रंगावर फोड म्हणून वर येतो. बोल्टच्या जागी दोन थरांमध्ये लोखंडी पट्टी गाडावी, नाहीतर भोके फाटतात.

रेझिन रबरासारखे लवचिक असतानाच बाहेर लोंबणारी कड कटरने कापून घ्यावी. संध्याकाळी ज्या कडेला दोन मिनिटे लागतात, तिच्याशी सकाळी ग्राइंडर घेऊन झटावे लागते आणि काचेची धूळ अंगाला खाजवत राहते.

नग दोन दिवस साच्यातच ठेवून काढावा, पीव्हीए धुवावा, 320 च्या कागदाने घासून प्रायमर आणि मग रंग द्यावा. रंग भट्टीत मात्र तापवू नये. गडद रंग टाळलेला बरा, कारण वैशाखातल्या उन्हात काळा पृष्ठभाग इतका तापतो की आतल्या मॅटची नक्षी वर उमटते. बसवताना रुंद वॉशर वापरून बोल्ट बेताने आवळावेत. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून जुन्या मडगार्डच्या पत्र्यातून अर्थिंग घेणारा एखादा दिवा असेल, तर त्याची काळी तार लांबवून चासीपर्यंत न्यावी.