गाय लंगडत नव्हती, तरी दुखणे खुरातच होते : माझा अनुभव

आमची तिसऱ्या वेताची संकरित होल्स्टीन गाय पंधरवड्यात 14 लिटरवरून 10 लिटरवर आली. ताप नव्हता, कासही मऊ होती. जंतनाशक दिले, पेंड बदलली, खनिज मिश्रण वाढवले, आणि तीन आठवडे वाया गेल्याचा संताप तेवढा पदरी पडला.

अखेर पशुवैद्यकांच्या सांगण्यावरून धार काढल्यावर तिला कोरड्या, सपाट कोब्यावर तिच्याच चालीने दहा-बारा पावले चालवून बाजूने पाहिले. उभी असताना सरळ असलेली पाठ चालू लागताच कमानीसारखी वाकली. चालीवरून लंगडेपणा मोजण्याच्या पाच अंशांच्या मोजपट्टीवर हा दुसरा अंश, म्हणजे लंगडेपणाची सुरुवात. उजवे मागचे पाऊल आखूडही पडत होते. मग तिला खोड्यात घेऊन तो पाय उचलून बांधला, खूर धुऊन पुसला आणि तळव्यावर खूर-चिमट्याने बोटभर अंतराने दाब देत गेलो, तेव्हा बाहेरच्या नखीवर (दुभंगलेल्या खुराच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर), टाचेजवळ, तिने पाय झटकला. (मागच्या पायांत बहुधा बाहेरचीच नखी दुखावते, भार तिच्यावर अधिक असतो.) पशुवैद्यकांनी तिथला सुटलेला थर कोरताच लालबुंद जखम दिसली. त्यांनी आतल्या निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवला, त्यामुळे दुखरी नखी अधांतरी राहिली. आठवड्याने गाय चालताना पाठ सरळ होती आणि दूध 12 लिटरवर आले होते.