शीट १ पासून मोजते, अ‍ॅरे ० पासून: अ‍ॅप्स स्क्रिप्टमधल्या या चुका टाळा

सांगली मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानाचं हळद सौद्यांचं गूगल शीट घ्या. ओळ १ मध्ये मथळे: लॉट, शेतकरी, पोती, दर. खाली ४० लॉट, म्हणजे ओळ २ ते ४१. अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगल शीटसाठी लिहायचा कोड, या ओळी अ‍ॅरेत, म्हणजे क्रमवार यादीत घेते. त्या यादीतला क्रमांक म्हणजे इंडेक्स.

एक ओळ जास्त येते. शीटचा हवा तो भाग निवडणाऱ्या 'गेटरेंज'मधला तिसरा आकडा शेवटच्या ओळीचा नसतो, किती ओळी हव्यात त्याचा असतो. तिथे सरळ 'गेटलास्टरो' (शेवटच्या भरलेल्या ओळीचा क्रमांक) टाकलं की ४१ ओळी येतात आणि रिकामी ४२ वी आत शिरते. रिकामा सेल ० देत नाही, रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर देतो. पोत्यांच्या बेरजेत ती मिसळली की १२४० हा आकडा न राहता मजकूर होतो. दिसायला तोच, पण पुढे ५० मिळवले तर १२९० ऐवजी १२४०५०. म्हणून 'गेटलास्टरो' वजा १ लिहा. मात्र शीटमध्ये नुसते मथळेच असतील तर हे उत्तर ० येतं आणि स्क्रिप्ट एररने थांबते. ती तपासणी आधी करा.

दर भलत्याच शेतकऱ्यापुढे. सगळ्यात घातक चूक हीच, कारण एरर येतच नाही. अ‍ॅरेतला ० वा लॉट शीटच्या ओळ २ वर आहे. परत लिहिताना इंडेक्समध्ये २ मिळवायचे. सवयीने १ मिळवला की पहिला दर मथळ्यावर बसतो आणि बाकीचे सगळे एकेक ओळ वर सरकतात. पट्टी (शेतकऱ्याचा हिशेब) करताना लक्षात आलं तर नशीब. कॉलमचंही तसंच: पोती शीटमध्ये तिसरा कॉलम, अ‍ॅरेत इंडेक्स २.

लूप (एकेक ओळ घेत तेच काम पुन्हा करणारा कोड) एक पाऊल पुढे जातो. लेंथ, म्हणजे अ‍ॅरेतल्या ओळींची संख्या ४०, शेवटचा इंडेक्स ३९. अट 'लेंथपेक्षा कमी' हवी. 'कमी किंवा समान' लिहिलं की ४० व्या इंडेक्सवर 'अनडिफाइन्ड' (तिथे काहीच नाही) मिळतं आणि त्यातून पोती वाचायला जाताच टाइपएरर येतो.

नाव असूनही सापडत नाही. सेलमधली मूल्यं वाचणारं 'गेटव्हॅल्यूज' एकाच कॉलमसाठीही अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे देतं. त्यामुळे यादीत नाव शोधणारं 'इंडेक्सऑफ' कायम उणे १, म्हणजे 'सापडलं नाही' सांगतं. आधी 'फ्लॅट' वापरून आतले अ‍ॅरे एका सरळ यादीत आणा. 'लेंथ'ने ओळी मोजल्या जातात. कॉलम हवे असतील तर ० व्या ओळीची लेंथ घ्या.

रद्द झालेले लॉट शीटमधून काढताना लूप खालून वर चालवा. वरून काढत आलात तर खालची ओळ वर सरकते आणि लागोपाठ दोन रद्द लॉट असले की दुसरा तसाच राहतो.