घर तपासणाऱ्याची काँक्रीटची परीक्षा

फ्लॅट तपासायला नवा इंजिनियर ठेवताना मी डिग्री नंतर बघतो, आधी साईटवर नेतो.

पहिला प्रश्न: एम२० या काँक्रीटच्या ग्रेडमधले २० कशाचे? '१५० मिमीच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमी' असं आलं तर पुढे जा. नुसतं '१:१.५:३', म्हणजे सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण, म्हणाला तर गवंड्याकडून शिकलाय. वाईट नाही, पण अपुरं.

मग कॉलम आणि वीटभिंतीच्या सांध्यातली बारीक उभी भेग दाखवा. घाईने 'स्ट्रक्चरल', म्हणजे इमारतीच्या सांगाड्यातला दोष, लिहिणारा नको. पण बीमच्या तळाशी सळईच्या रेषेत गेलेली भेग, कडेला तांबूस डाग दिसला, तर हातोडीने ठोकून पोकळ आवाज येतो का ते त्याने न सांगता बघायला हवं. कव्हरही विचारा, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर किती जाड हवा ते. स्लॅबला २० मिमी हे सौम्य हवामानासाठी. अलिबागच्या उघड्या खाऱ्या वाऱ्यातही २०च म्हणाला तर गुण कापा. तिथे काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस ४५६, ४५ मिमी मागतं.

शेवटी काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणारं द्रावण, शिंपडायला लावा. गुलाबी झालं तर सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कलीपणा टिकून आहे. रंगच चढला नाही तर कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो अल्कलीपणा घालवणं, तिथवर पोचलंय. 'गुलाबी म्हणजे खराब' म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मी चहा पाजून निरोप देतो.