थायरॉइड मंदावलेला असताना सर्वांगासन: मान सांभाळून कसे करावे

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची आणि पुढचा अर्धा ते एक तास काही खायचे नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. हाच मोकळा वेळ आसनांना द्या. आसने गोळीच्या जोडीला करायची असतात, गोळीच्या जागी नाही. ‘हनुवटीने गळा दाबला की ग्रंथी जागी होते’ हा सल्ला तर सोडूनच द्या. हार्मोन किती बनवायचे हा निरोप ग्रंथीला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून टीएसएच या हार्मोनच्या रूपात मिळतो. बाहेरून गळा दाबल्याने तो बदलत नाही. आसनांनी आखडलेले अंग सुटते, मरगळ कमी होते, मन स्थिर राहते. तेवढ्यासाठीही ती रोज करावीत. बरे वाटू लागले म्हणून डोस मात्र स्वतः कमी करू नका. डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच तपासतात, पुढचे त्यावरून डॉक्टर ठरवतात.

सुरुवातीला मार्जारासन आठ-दहा वेळा, मग भुजंगासन आणि सेतुबंधासन प्रत्येकी तीन वेळा. सूर्यनमस्कार तीन-चार पुरेत, तेही सावकाश; या आजारात स्नायू लवकर थकतात आणि गोळे येतात. पहिल्याच दिवशी बाराचा हट्ट नको.

आता सर्वांगासन. बहुतेक जण इथेच मान दुखावून घेतात.

आधी कोणी करू नये ते पाहा: रक्तदाब जास्त असलेल्यांनी, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी, मानेच्या मणक्यांची तक्रार किंवा हाडे ठिसूळ असलेल्यांनी, गरोदरपणात. थायरॉइड मंद असताना रक्तदाबाचा खालचा आकडा अनेकदा वाढतो, म्हणून आधी रक्तदाब मोजून घ्याच. गळ्याला सूज किंवा गाठ असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. या सगळ्यांनी भिंतीला पाय टेकवून पाच-दहा मिनिटे उताणे पडावे. मात्र काचबिंदू, डोळ्याचा पडदा किंवा गरोदरपण असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.

सपाट सतरंजीवर हे आसन करू नका. तीन जाड ब्लँकेटच्या सरळ घड्या एकावर एक ठेवा, उंची 7 ते 10 सेंटीमीटर. घडीची बंद कड मानेकडे हवी. खांदे कडेपासून दोन बोटे आत, मान कडेबाहेर, डोके जमिनीवर. घड्या नसल्या तर मान काटकोनात मुडपते आणि मान व पाठ जुळतात तिथला हाडाचा उंचवटा जमिनीवर रुततो. दुखणे तिथूनच सुरू होते.

गुडघे वाकवून, तळहात जमिनीवर दाबून कंबर उचला; झटका देऊन पाय फेकू नका. हात पाठीवर ठेवा आणि खांद्यांच्या पात्यांकडे सरकवत न्या. कोपरे खांद्यांपेक्षा जास्त फाकली की पाठ खचते आणि सगळा भार मानेवर येतो. ती आपोआप फाकत असतील तर कोपरांच्या जरा वर पट्टा बांधा. पाय अगदी सरळ उभे राहिलेच पाहिजेत असे नाही. डोक्याच्या बाजूला थोडे कललेले चालतात, भार खांद्यांवर आणि दंडांवर असला म्हणजे झाले.

नीट जमले का, याची खूण एकच: आवंढा गिळून पाहा. अडखळला तर हनुवटी जास्त दाबली गेली आहे. खाली या आणि आणखी एक घडी घाला. चेहरा तापला, डोळ्यांत दाब आला किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच उतरा. वर असताना मान वळवायची नाही, कोणी हाक मारली तरी नाही.

पहिला आठवडा पाच श्वास. पुढे दर आठवड्याला पंधरा सेकंद वाढवा. दोन मिनिटे झाली की बस, त्याहून जास्तीने काही साधत नाही. उतरताना गुडघे कपाळाकडे आणा, तळहात जमिनीवर टेकवा आणि एकेक मणका खाली ठेवा. या वेळी डोके उचलले गेले तर मानेला हिसका बसतो.

मग पाठीखाली उशी घेऊन मत्स्यासन, सर्वांगासनाच्या निम्मा वेळ. पाच मिनिटे उज्जायी प्राणायाम, ताण न देता. शेवटी शवासन. थायरॉइड मंद असणाऱ्यांना थंडी लवकर वाजते, तेव्हा आडवे होण्याआधी तीच ब्लँकेट अंगावर घ्या.