परसातला बटाटा: या चुका टाळा

साताऱ्यातल्या पुसेगाव-खटावकडे खरिपातही बटाटा घेतात, पण ते बघून सांगली-मिरजेच्या परसात जूनमध्ये लागण करू नका. कृष्णाकाठची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि बेणं, म्हणजे लावलेला बटाटा, आतल्या आत कुजतं. घरच्या बागेसाठी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य हाच खरा मोसम. बटाटा पोसायला थंड रात्री लागतात. जानेवारीत लावला तर पाला गुडघाभर वाढतो आणि खाली गोट्या निघतात.

नुकताच काढलेला बटाटा बेणं म्हणून चालत नाही, त्याचे डोळे दोन-अडीच महिने झोपलेले असतात. जुना बटाटा सावलीत, पण उजेडात पसरून ठेवा. आखूड, जाड कोंब येतील. अंधारात आलेले लांब पांढरे कोंब लावताना हमखास मोडतात. कापायचाच असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा आणि कापलेली बाजू सुकल्याशिवाय मातीत घालू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते भर न दिल्यामुळे, म्हणजे झाडाच्या बुंध्याला माती न ओढल्यामुळे. बटाटा मुळांना लागत नाही. बेण्याच्या वर, मातीत गाडलेल्या खोडाला पांढरे धागे फुटतात आणि त्यांच्या टोकाला तो धरतो. वर माती नसेल तर तो धरणार कुठे? झाड वीतभर झालं, साधारण महिन्याचं, की दोन्ही बाजूंनी माती ओढा, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा ओढा. आपली काळी माती वाळली की भेगाळते. भेगेतून ऊन गेलं की बटाटा हिरवा पडतो, आणि त्याच वाटेने बटाट्यावरच्या पतंगाची अळी आत शिरते. लागणीआधीच मातीत भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा, वर उसाच्या पाचटाचा थर द्या. आपल्याकडे पाचट फुकट मिळतं, तरी लोक ते पेटवून देतात याचं फार वाईट वाटतं. ताजं शेण आणि राख मात्र घालू नका, सालीवर खवड्या येतात.

पाणी वाफसा बघून द्या, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली राहील असं. आठवडाभर कोरडं ठेवून एकदम भरपूर पाजलं की बटाटे तडकतात. संध्याकाळी पाल्यावर पाणी मारणं तर टाळाच. धुकं आणि ढगाळ हवा असताना पानाच्या कडेला ओलसर काळे डाग आणि सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसली, तर तो करपा. रोगट पाला कापून परसाबाहेर टाका. टोमॅटो-वांग्याच्या जागी लगेच बटाटा घेऊ नका, तेही त्याच कुळातले.

काढणीची घाई नको. ९० ते १०० दिवसांनी पाला पिवळा पडला की पाणी तोडा, पाला कापा आणि आठ-दहा दिवस थांबा. एक बटाटा उकरून सालीवर अंगठा घासा. साल सुटली तर अजून थांबा. कुदळ वरंब्याच्या कडेने घाला. काढलेला बटाटा धुऊ नका, आठवडाभर सावलीत सुकवून अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा, कांद्यापासून लांब. कुदळ लागलेले आधी भाजीला घ्या. हिरवे आणि कडू लागणारे टाकून द्या, त्यातलं सोलॅनिन शिजवूनही जात नाही.