दहावीच्या निकालाआधी ट्रेड पारखून घ्या: सोलापूरच्या मुलामुलींसाठी

आयटीआयच्या अर्जात बरीच मुलं पहिला विकल्प इलेक्ट्रिशियन भरतात, दुसरा फिटर, आणि पुढचे सायबर कॅफेवाला सुचवेल तसे. निकाल लागल्यापासून अर्ज भरेपर्यंत जेमतेम काही दिवस मिळतात. कोणतं काम आपल्या हाताला आणि स्वभावाला मानवेल, हे तेवढ्या धावपळीत कळत नाही. त्यासाठी नववीची दिवाळीची सुट्टी ही खरी वेळ. तिथून दहावीच्या सहामाहीपर्यंत तीन-चार कामं सवडीने जवळून बघून होतात.

आधी शाळेत विचारा

तुमच्या शाळेत एनएसक्यूएफचा (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातला) व्यवसाय विषय आहे का, ते मुख्याध्यापकांना विचारा. नववीला लेव्हल १ आणि दहावीला लेव्हल २ असतो. ऑटोमोटिव्ह, हेल्थ केअर, रिटेल, आयटी, मल्टी स्किल असे बरेच विषय आहेत, पण एका शाळेत त्यातले एक-दोनच मिळतात. निवड करता येत असेल तर मल्टी स्किल घ्या, असं आमचं ठाम मत आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्री. शं. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात या पद्धतीचा पाया घातला गेला. एकाच विषयात थोडं वेल्डिंग, थोडं वायरिंग, थोडी शेती आणि थोडं अन्नप्रक्रियेचं काम होतं. काय आवडत नाही, हे त्यातून लवकर कळतं आणि तेही तितकंच कामाचं असतं.

मग कामाच्या जागी जा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचे यंत्रमाग आहेत, शहरात शाळेचे गणवेश शिवणारी युनिटं आहेत, चिंचोळी एमआयडीसीत मोठे कारखाने आहेत. फॅब्रिकेशन, गॅरेज आणि मोटर रिवाइंडिंगची दुकानं तर जवळपास प्रत्येक भागात दिसतात. शाळेचं पत्र न्या, मालकांना ‘चार दिवस दोन-दोन तास बघत बसतो’ असं स्पष्ट सांगा, आणि आईवडिलांपैकी कोणाला तरी पहिल्या दिवशी सोबत न्या.

इथे कायद्याची मर्यादा पाळायचीच. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना धोकादायक कामावर लावता येत नाही, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कोणतंच काम देता येत नाही. म्हणून तुम्ही बघायला जायचं, मशिनला हात लावायचा नाही. यंत्रमागाच्या दोन्ही बाजूंना, धोटा ज्या रेषेत धावतो तिथे तर उभंच राहू नका. धोटा मागातून उसळून बाहेर आला तर डोळा जाऊ शकतो. कानात कापूस नको, इअर प्लग घाला.

मागावर नुसतं कापड बघू नका, माणसं बघा. विणकर कांडी बदलतो, तुटलेलं सूत गाठतो, एका वेळी अनेक मागांवर लक्ष ठेवतो. माग बंद पडला की हाक मारतात ती जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला. त्याच्या हातातला पाना, तो कुठे कान लावून ऐकतो, कोणता भाग आधी उघडतो, हे टिपून ठेवा. फिटरचं शिक्षण अशाच कामात उपयोगी पडतं. मोटर आणि स्टार्टर बिघडला की येतो तो इलेक्ट्रिशियन. एकाच शेडमध्ये तीन वेगळी आयुष्यं दिसतात. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा: हे कुठे शिकलात, पगार कशावर वाढतो, आणि चाळिशीनंतर शरीराचं काय दुखतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहितीपत्रकात कधीच नसतं.

इलेक्ट्रिशियनचा विचार असेल तर रिवाइंडिंगच्या दुकानात एक पूर्ण मोटर होईपर्यंत बसा. जळालेली गुंडाळी काढताना कारागीर वेढे मोजतो, तारेचा गेज पाहतो, कॉइल कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत जाते ते कागदावर उतरवतो. मग खाचेत इन्सुलेशन पेपर घालून नव्या वेढ्यांच्या तारा बसवतो, व्हार्निश देतो, वाळवतो आणि मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासतो. वेढे चुकले की मोटर जास्त करंट घेते किंवा जोर धरत नाही. तार दाबताना तिच्यावरचं इनॅमल खरवडलं तर दोन वेढे शॉर्ट होतात आणि शेतातला पंप महिन्याभरात परत दुकानात येतो. ही मोजणी आणि हा धीर कंटाळवाणा वाटला, तर इलेक्ट्रिशियन हा तुमचा पहिला विकल्प नव्हे. टीव्हीसमोर बसून हे कळणार नाही.

फिटरची घरगुती कसोटी

फिटरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हातात मुख्यतः कानस असते. ते झेपतं का, हे दोन रविवारांत पाहता येतं. फॅब्रिकेशनच्या दुकानातून साधारण ५० × ५० मिमीचा, १० मिमी जाड माइल्ड स्टीलचा तुकडा मागून आणा. १० इंची बास्टर्ड कानस, मूठ बसवलेली, आणि काटकोन तपासायला एक छोटा गुण्या लागेल. बेंच व्हाइस शाळेच्या कार्यशाळेत किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये मिळते. व्हाइसचा जबडा तुमच्या कोपराच्या उंचीला असावा. खाली असेल तर कंबर जाते, वर असेल तर जोर लागत नाही.

एक कड सपाट करा, मग तिला लागून असलेली दुसरी कड काटकोनात आणा. कानस पुढे ढकलतानाच कापते, मागे घेताना दाब काढून घ्यायचा, नाहीतर दाते बोथट होतात. गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरा. मधोमध गुण्या टेकतो आणि दोन्ही टोकांना उजेड दिसतो, म्हणजे कडेला कुबड आलंय. नवख्या हाताची ही नेहमीची चूक आहे. याचं कारण असं की स्ट्रोकच्या सुरुवातीला टोकावरच्या हाताने जास्त दाबायचं असतं आणि कानस पुढे सरकत जाईल तसा तो दाब मुठीवरच्या हाताकडे न्यायचा असतो. दोन्ही हातांनी शेवटपर्यंत सारखा जोर दिला की कानस झोके घेते. घासलेल्या जागेवर बोट फिरवू नका, घामाचा तेलकटपणा लागला की कानस घसरते. मूठ नसलेली कानस अजिबात हाती घेऊ नका, तिची टोकदार शेपटी तळव्यात घुसते.

चार तासांनंतर खांदा दुखेल, त्याचं काही नाही. ‘अजून थोडा उजेड कमी करू’ असं वाटतंय का, ते पाहा.

वेल्डिंग बघताना काळी काच लावल्याशिवाय ठिणगीकडे डोळे नकोत, क्षणभरसुद्धा. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी होते. शक्य असेल तर हे काम एप्रिल-मेमध्ये पाहा. पारा ४० च्या वर असताना जाड एप्रन घालून उभं राहणं सोसतं का, हे सोलापूरकराने आधीच तपासलेलं बरं.

संस्था आणि ट्रेड

विजापूर रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये एकदा चक्कर मारा आणि गेल्या वर्षी कोणत्या ट्रेडची शेवटची जागा किती टक्क्यांना गेली ते विचारून घ्या. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन हे २ वर्षांचे ट्रेड. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर), प्लंबर, सुइंग टेक्नॉलॉजी (शिवणकाम) १ वर्षाचे. वेल्डर, वायरमन, प्लंबर आणि सुइंग टेक्नॉलॉजीला दहावी पास असण्याची अट नाही, त्यामुळे दहावीत अडकलेल्यांचं वर्ष वाया जायचं कारण नाही. फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या एका तुकडीत २० जणच असतात. मुलींसाठी राखीव जागा असतात. मुलीला परस्पर शिवणाकडे वळवण्याआधी तिच्याही हातात एकदा कानस द्या.

खासगी आयटीआय असेल तर संस्थेचं नाव आणि तुम्हाला हवा तो ट्रेड, दोन्ही शासनाच्या प्रवेश संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. संस्था मान्य आणि ट्रेडला मान्यता नाही, असं होऊ शकतं. मग राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही.

अर्ज आणि विकल्प

प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतो. नोंदणी, अर्ज, शुल्क, मग आयटीआयमध्ये जाऊन कागदपत्रांची पडताळणी आणि अर्ज निश्चिती, आणि त्यानंतर विकल्प. निश्चिती राहिली तर अर्ज भरूनही गुणवत्ता यादीत नाव येत नाही. बरेच जण इथेच अडखळतात.

विकल्पांचा क्रम मनापासूनच्या पसंतीने लावा. अवघड ट्रेड वर लिहिल्याने खालचा हातचा जात नाही, गुण पुरले नाहीत तर यंत्रणा पुढच्या विकल्पाकडे जाते. पण पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. म्हणून ‘सगळे लिहितात’ म्हणून पहिल्या ओळीत काही लिहू नका.

कागदपत्रं मार्चमध्येच काढा. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, अधिवास, उत्पन्न हे दाखले निकालानंतर सेतूत गर्दी होते म्हणून अडतात. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तुमचा कोणत्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ते बघा. पूर्व भागातल्या तेलुगू आडनावांची आणि नावांची स्पेलिंग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी, असं पुष्कळदा आढळतं. दाखला प्रमाण धरून आधार आधी दुरुस्त करून घ्या.

पुढची वाट

दहावीनंतर २ वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशासाठी अर्ज करता येतो. बारावीची समकक्षता हवी असेल तर राज्य मंडळाची दोन भाषांची परीक्षा द्यावी लागते, ती आयटीआय चालू असतानाच मनात धरा.

आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करा. महावितरण, एसटी महामंडळ आणि मध्य रेल्वे दरवर्षी शिकाऊ उमेदवार घेतात, विद्यावेतनही देतात. रेल्वेच्या सोलापूर विभागात आणि कुर्डुवाडी वर्कशॉपमध्ये अशा जागा निघतात. तिथल्या यादीत आयटीआयच्या गुणांबरोबर दहावीचे गुणही मोजतात आणि दहावीत किमान ५० टक्के लागतात. तेव्हा ट्रेड पक्का ठरला, म्हणून दहावीचा गणिताचा पेपर सोडून द्यायचा नाही.